वाघिणीचा चेहरा, वाघोबाचा दगड

ताडोबा हे नाव वाघावरून पडलेलं नाही; वाघाशी झुंजताना मेलेल्या माणसावरून पडलं आहे. गोंडांमध्ये सांगितली जाणारी कथा अशी, की तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी दोन हात करताना मारला गेला, लोकांनी त्याला देव मानलं आणि तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं मांडलं. पौषात तिथे जत्रेला जायची रीत. पुढे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि देशोदेशीची माणसं जिप्सीत बसून वाघ बघायला येऊ लागली. ज्याला वाघाने मारलं तो देव झाला, आणि वाघ प्रेक्षणीय झाला. या दोन गोष्टी एकाच तळ्याकाठी नांदतात आणि एकमेकींच्या वाटेला फारशा जात नाहीत.

याच जंगलात ऐश्वर्या श्रीधर यांनी ‘क्वीन ऑफ तारू’ हा माहितीपट केला. नावात तारू आहे, राणी मात्र माया नावाची वाघीण. वनखात्याच्या दफ्तरी ती टी-१२. पांढरपवनीच्या पाणवठ्यांभोवती तिचा मुलूख होता, आणि पिल्लांना परक्या नरांपासून वाचवताना तिने केलेली धडपड पर्यटकांच्या तोंडी आधीपासून होतीच. चित्रपटाने तिला सलग चरित्र दिलं. माहितीपट पाहिलेला माणूस ‘वाघ दिसला’ म्हणत नाही, ‘माया दिसली’ म्हणतो.

चित्रकाराच्या हातात यातून काय पडतं? पहिली गोष्ट म्हणजे एक विशिष्ट वाघ. मराठी घरातला वाघ बहुतेक करून कॅलेंडरमधून आलेला: देवीचं वाहन, जबडा उघडा, पट्टे अंदाजाने ओढलेले. प्रत्यक्षात कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वाघांची मोजणी होते ती याच जोरावर. दुसरी गोष्ट म्हणजे निवांतपणा. वाघ दिवसातला बराच वेळ काहीही करत नाही. पाण्यात उतरताना तो पुष्कळदा पाठमोरा शिरतो, आधी मागचे पाय, मग बूड, आणि तोंड मात्र कोरडं ठेवून बसून राहतो. कॅलेंडरच्या चित्रकाराला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. चित्रपट ते पुन्हा पुन्हा दाखवतो, थांबवून बघू देतो, आणि रेखाटनाच्या वहीला त्याचा खरोखर फायदा होतो. ज्याला जंगलात जायला परवाना, गाडी, गाइड यांचा खर्च परवडत नाही, अशा चंद्रपुरातल्याच विद्यार्थ्याला तर फार मोठा.

चंद्रपूर जिल्ह्याने हा वाघ भिंतींवर आणलाही. २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभीकरणाच्या स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर या स्थानकांना पहिलं बक्षीस मिळालं. स्थानिक चित्रकारांनी फलाटांच्या भिंतींवर जंगल, वाघ आणि आदिवासी जीवन रंगवलं होतं. ताडोबाला निघालेल्या पाहुण्याला जंगलात वाघ दिसेल की नाही सांगता येत नाही, स्टेशनात मात्र तो हमखास दिसतो.

इथवर सगळं सुरळीत आहे. निसर्गावरचा चित्रपट बघावा, नजर तयार व्हावी, हात चालावा. कोणतीही कलाशाळा याला होच म्हणेल.

अडचण २० नोव्हेंबर २०२१ ला उभी राहते. त्या दिवशी ताडोबाच्या कोलारा भागात एक महिला वनरक्षक तीन मजुरांसह पायी निघाली होती. देशव्यापी व्याघ्रगणनेसाठी वाघाच्या खुणा नोंदवायचं काम होतं. पुढे वाटेवर वाघीण बसलेली दिसली. त्यांनी सुमारे अर्धा तास वाट पाहिली, मग रस्ता सोडून दाट झाडीतून वळसा घातला. वाघीण मागून आली आणि वनरक्षकाला ओढून घेऊन गेली. ती वाघीण माया होती. पायी चालून करायची ती पाहणी त्यानंतर थांबवण्यात आली. मायासुद्धा ऑगस्ट २०२३ नंतर कुणाला दिसली नाही. नोव्हेंबरात सापडलेले अवशेष तिचेच असल्याचं डीएनए तपासणीतून पुढे आलं.

आता मायाचं चित्र काढणाऱ्याने काय काढायचं? वाघिणीला खलनायिका करणं मूर्खपणाचं. पशुयोनी ही भोगयोनी, तिथे पाप-पुण्याचा हिशोब लिहिला जात नाही, असं आपली परंपरा मानत आली आहे, आणि वन्यजीवशास्त्रज्ञही वेगळ्या शब्दांत तेच सांगेल. वनरक्षक बाई तर वाघांच्याच कामाला निघाली होती. अपराधी कुणीच नाही आणि मरण मात्र खरं आहे. निसर्गपटाच्या व्याकरणात ही घटना बसत नाही. त्याला आईची माया हवी, पिल्लांवरचं संकट हवं, शेवटी मावळतीचा उजेड आणि संथ संगीत हवं. माणूस त्यात आलाच तर तो जंगल तोडणारा असतो नाहीतर वाचवणारा. वाघाच्या खुणांची नोंद करत चालणारी, पगारावर असलेली बाई त्या चौकटीत येत नाही.

गावांनी अशा प्रसंगासाठी फार पूर्वीपासून एक मूर्ती करून ठेवली आहे. तिला सुबक म्हणता येणार नाही. शिवेवर एक दगड, त्याला शेंदूर, फार तर वाघाचा ओबडधोबड आकार कोरलेला. तो वाघोबा. सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत तो वेगवेगळ्या रूपांत भेटतो. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरातल्या वारली समाजात संशोधकांनी त्याचा पद्धतशीर शोध घेतला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दीडशे ठाण्यांची नोंद आहे. तिथे आता वाघ उरलेला नाही, बिबट्या आहे, तरी वाघबारशीला मान वाघोबालाच मिळतो. समजूत अशी की गावाने त्याला जागा आणि वर्षाचा मान द्यायचा, त्याने गावाला आणि गुरांना सांभाळायचं. तरीही माणूस गेला तर बोलणी पुन्हा करायची. कुठे मान राहिला, कुणाकडून चुकलं, हे भगत बघतो.

या दगडाकडे कलेच्या नजरेने बघितलं तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. तो वाघासारखा दिसावा अशी कुणाची अपेक्षाच नाही. वाघ कसा दिसतो हे ज्यांना चांगलं ठाऊक आहे त्यांनीच तो घडवला आहे आणि साम्य साधण्याचा आटापिटा केलेला नाही. तो वाघाच्या दर्शनासाठी नाहीच. वाघाशी झालेल्या बोलण्याची ती जागा आहे. शहरातला चित्रकार माया रंगवतो तेव्हा तिच्या डोळ्यांतली चमक पकडायला बघतो. गावकरी शेंदूर लावतो तेव्हा तो स्वतःला काही शब्द बांधून घेत असतो. दोन्हींना चित्र म्हणावं की नाही, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटेल. पण कोलाऱ्याच्या घटनेनंतर रंग कालवायला बसलेल्या माणसाला तो अगदी रोजचा आहे.

गडचिरोलीत शिरलं की हा प्रश्न आणखी खोल जातो. गोंड, माडिया आणि पलीकडच्या बस्तरातल्या मुरियांच्या परंपरेत धर्माचा संस्थापकच वादक आहे. लिंगो अठरा वाद्यं एका वेळी वाजवत असे, असं सांगतात. प्रेषिताने आज्ञा आणल्या, ऋषीने मंत्र पाहिले, लिंगो वाद्यं घेऊन आला. कोया पुनेम या गोंडी धर्मपरंपरेवर आयुष्यभर लिहिणारे नागपूरचे भाषा-संशोधक मोतीरावण कंगाली यांनी गोंडी कुळव्यवस्थेची मांडणी केली आहे. तिच्यात प्रत्येक कुळाकडे एक झाड, एक प्राणी, एक पक्षी राखायला दिलेला असतो. म्हणजे ज्या प्राण्याचं नाव तुमच्या कुळाशी जोडलेलं, त्याला तुम्ही मारायचं नाही. इथे निसर्ग कलेला प्रेरणा देतो असं म्हणणं थोडं अपुरं पडतं. वाजवणं, नाचणं आणि राखणं ही एकाच बांधिलकीची कामं आहेत.

भामरागड-एटापल्लीच्या बाजूला माडिया मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. उंच, उभट, कधी एकट्याने तर कधी ओळीने. त्यांवर नाव नसतं, चेहरा नसतो. शहरी डोळ्याला ते अपूर्ण शिल्प वाटेल. ज्याच्यासाठी तो उभा केला त्याच्या माणसांना तो कुणाचा हे माहीत असतं, तेवढं पुरतं.

याच भामरागड तालुक्यात हेमलकसा आहे, आणि याच भूमीवरचा बहुधा सर्वाधिक पाहिला गेलेला मराठी चित्रपटही: समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो’, साल २०१४. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी प्रकाश आणि मंदाकिनी आमटे उभे केले. लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ ला सुरू झाला. त्यानंतर काही काळातच घडलेला माकडाच्या पिल्लाचा प्रसंग आता महाराष्ट्रभर माहीत आहे. शिकार करून परतणारे माडिया, खांद्यावर मेलेली माकडीण, आणि तिला बिलगून दूध ओढू पाहणारं जिवंत पिल्लू. डॉक्टरांनी ते पिल्लू मागितलं आणि बदल्यात तांदूळ दिले. तिथून प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं.

या चित्रपटातून स्फूर्ती घेऊन शाळा-शाळांतून निघालेली चित्रं डोळ्यांसमोर आणणं अवघड नाही: पांढरी बंडी, अर्धी चड्डी, शेजारी बिबट्या. माणूस आणि निसर्ग यांचं प्रेम. चित्र चुकीचं नाही, पण निवड सोपी आहे. त्या प्रसंगाचा कणा करुणेत जितका आहे तितकाच त्या तांदळात आहे. माडियांनी माकड मारलं ते क्रूर होते म्हणून नव्हे. घरी पोरंबाळं उपाशी होती. भुकेल्या माणसाला ‘जीव वाचव’ म्हणण्याआधी त्याच्या हातावर धान्य ठेवावं लागतं, हे डॉक्टरांना त्या क्षणी उमगलं आणि पुढे शिकार न करता पिल्लं आणून देण्याचा शिरस्ता पडला. हाही करारच. शिवेवरच्या दगडाशी त्याचं नातं, बिबट्याला कुरवाळणाऱ्या पोस्टरपेक्षा जवळचं आहे. चित्रपटाने तांदूळ दाखवले आहेत. प्रेक्षकाची नजर पिल्लावर जाते, त्याला चित्रपट काय करणार. चित्रकाराने मात्र तांदळाकडे बघायला हवं होतं.

बघण्याच्या हव्यासावरच एक मराठी चित्रपट आहे. जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’, १९७७; गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांची गीतं, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ठाकरांचा नाग्या पुण्यवान व्हायला निघतो, कारण पुण्यवानाला राणीमाशी दिसते असं त्याच्या मनाने घेतलं आहे. लिंगोबाच्या डोंगराच्या माश्या त्याला डसतात, एक डोळा जातो. मग पुण्याची जागा सूड घेतो. पोळी उतरतात आणि त्याच झुंजीत त्याच्यावर जीव लावणारी चिंधी मरते. निसर्गावरच्या मराठी चित्रपटांत हा सर्वांत कठोर म्हणायला हवा. इतरांनी बघणं फुकट ठेवलं, याने त्याची किंमत वसूल केली. आणि गंमत म्हणजे याच चित्रपटाने सर्वांत टिकाऊ कला मागे ठेवली. त्यातली गाणी गेली जवळपास पन्नास वर्षं गायली जात आहेत. पळसखेडला शेती करणारा माणूस ती लिहीत होता, हे त्या टिकण्यामागचं एक कारण असावं.

प्रेरणेची दुसरी टोकाची बाजू अलीकडे दिसली. किनारी कर्नाटकातल्या तुळुनाडूच्या दैव-आराधनेवरचा, जंगलाच्या जमिनीवरून पेटणारा ‘कांतारा’ २०२२ मध्ये आला आणि देशभर गाजला. २०२५ मध्ये त्याचा आधीचा भाग आला तेव्हा काही प्रेक्षक दैवाचा वेश करून चित्रपटगृहात नाचू लागले. ज्यांच्या घराण्यात हा वेश पिढ्यान्‌पिढ्या नेमधर्म पाळून चढवला जातो, ते दुखावले. दैवाची नक्कल करू नका, असं आवाहन खुद्द निर्मात्यांना करावं लागलं. चित्रपटातून प्रेरणा मिळाली नाही असं इथे कोण म्हणेल? भरपूर मिळाली. वेश आला, किंकाळी आली, नेम तेवढे मागे राहिले.

गडचिरोलीच्या पूर्वेला, अबूझमाडाच्या डोंगरांपलीकडे याचा जुना दाखला आहे. स्वीडिश दिग्दर्शक अर्ने सुक्सडॉर्फ यांनी बस्तरच्या मुरियांमध्ये केलेला चित्रपट १९५७ मध्ये प्रदर्शित झाला. इंग्रजीत त्याचं नाव ‘द फ्लूट अँड द अ‍ॅरो’, बासरी आणि बाण. संगीत पंडित रविशंकर यांचं. १९५८ मध्ये तो कानला दाखवला गेला. त्यातला गढबेंगालचा मुलगा चेंदरू वाघाबरोबर खेळायचा. त्याला स्वीडनला नेलं, त्याच्यावर फोटोंचं पुस्तक निघालं, युरोपातल्या मुलांना त्याचं नाव पाठ झालं. मग तो परत आला आणि चेंदरू मंडावी म्हणून गावात गरिबीत जगला, २०१३ मध्ये वारला. चित्रपटाने गावाकडून चेहरा घेतला. परत काय दिलं, याचा जमाखर्च मांडायला कुणी बसलं नाही.

त्याच गढबेंगालचे पंडीराम मंडावी यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, लाकडावरच्या कोरीवकामासाठी आणि वाद्यं घडवण्यासाठी. त्यांच्या हातची बस्तरची बासरी ओठांना लावायची नसते. बांबूची नळी हातात धरून हवेत फिरवायची, वारा शिरतो आणि ती वाजते. रात्री रानातून चालताना ती फिरवत गेलं की जनावरं आवाज ऐकून बाजूला होतात, असं लोक सांगतात. म्हणजे वाद्य वाजतं ते जनावराला ‘मी येतोय, तू सरक’ म्हणायला. ऐकणारा रसिक म्हणून तिथे वाघ-अस्वलच धरलेलं आहे. सुक्सडॉर्फच्या शीर्षकातली बासरी जगभर गेली. ही बासरी गावातच राहिली आणि अजून तयार होते.

लाकडाचंही असंच. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झालं, त्याची पूजा झाली, शोभायात्रा निघाली. या जंगलाचा साग देवाच्या दाराला लागतो याचा चंद्रपूरकरांना अभिमान वाटला, आणि तो वाटावाच. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने १९८०च्या दशकात सागाच्या लाकडात गोटुल, म्हणजे तरुणांचं सामुदायिक घर, बांधलं, तेव्हा मात्र वनखात्याने हरकत घेऊन ते मोडलं होतं. आसपासच्या गावांनी मग उलट जास्त गोटुलं उभी केली. लिंगोची वाद्यं जिथे शिकायची तीच ही वास्तू. ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ ही घोषणा त्याच दशकात धरणांच्या विरोधात याच पट्ट्यात उठली होती. जंगल आणि माणूस यांच्या मध्ये ‘किंवा’ घालायला ती तयार नव्हती. एकाच जातीचं लाकूड, एका ठिकाणी पूज्य, दुसऱ्या ठिकाणी मुद्देमाल. यावर चित्रपट निघालाच तर तो वाघाच्या पिल्लांइतका गोड नसेल.

चंद्रपूरचे मनोहर सप्रे व्यंगचित्रांसाठी महाराष्ट्राला माहीत होते. वाळक्या लाकडात, मुळांत दडलेले आकार शोधून ते काष्ठशिल्पंही करत. या पद्धतीत कलावंताला आपली कल्पना बाजूला ठेवून आधी लाकडाचं ऐकावं लागतं. पडद्यावरच्या जंगलाने डोळा घडवावा, पण त्यापुढचं काम असं हाताने, जागेवर जाऊन, तिथल्या माणसाला विचारूनच होणार. तिथे कुणाचा मान आहे आणि तो कुणी द्यायचा, हे विचारल्याखेरीज कुंचला उचलणारा चित्रकार जिप्सीतून उतरलेलाच नसतो.

अशी विचारपूस करणारा एक प्रेक्षकवर्ग या चार जिल्ह्यांत तयार बसलेला आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया ही झाडीपट्टी. दिवाळीनंतर धान कापून झालं की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. लांबच्या गावाहून आलेल्यांना अंधारात रानातून परतायची पाळी येत नाही. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगमंचावर आयुष्य घालवल्याबद्दल. समोर बसलेला प्रेक्षक मार्च-एप्रिलात मोह वेचतो, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतो, आणि त्या कामात वाघ समोर येणं म्हणजे काय ते त्याला कुणी समजावून सांगायला नको. मे २०२५ मध्ये सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी मारल्या गेल्या. ताडोबावरचा पुढचा माहितीपट महोत्सवाला पाठवण्याआधी, त्यावरून रंगवलेली चित्रं पुण्या-मुंबईच्या दालनांत टांगण्याआधी, एका रात्री वडशाच्या मंडपात लावावीत. त्या बायकांच्या गावची माणसं पुढच्या रांगेत असतील. वाघ कुठे खोटा वाटतो, कुठे खरा, आणि चित्रात त्यांचं गाव कुठे गेलं, हे सांगायला ती मध्यंतरापर्यंतही थांबणार नाहीत.